दुकान उघडण्याआधी

शटर अर्धंच वर करते.
काट्यावर स्टीलची परात, परातीत जुना टॉवेल,
टॉवेलात हळकुंड.
चारशे बारा ग्रॅम.
काल चारशे वीस होता.
आठ ग्रॅम म्हणजे किती, ते गिऱ्हाइकाला विचारा,
आठ ग्रॅम जिऱ्यावरून नंदनवनात भांडणं होतात.
मला कळत नाही, मी कुणाशी भांडू.

कळमन्याकडच्या त्या पत्र्याच्या निवाऱ्यातून आणले
तेव्हा दोघं बिस्किटाच्या एका खोक्यात मावले,
वर जागा उरली.
निकेत म्हणाला, "काकू, थोडीशी सर्दी आहे,
घरी गेल्यावर निघून जाईन."
गेली.
अकरा दिवस गेली.
बाराव्या दिवशी मसूर शिंकली,
तिखटाच्या पोत्याजवळ होती, म्हणून मी
सगळं तिखटावर ढकललं.
रात्री तिचा डावा डोळा चिकटून बंद.

डॉक्टर गेडामबाई हात धुताना बोलतात,
आपल्या तोंडाकडे बघत नाहीत,
म्हणून बहुतेक खरं बोलतात.
"हा विषाणू जात नाही. आत बसून राहतो.
थंडी पडली, घर बदललं, कुणी भांडी आपटली,
की उठतो."
"कधीपर्यंत?"
त्यांनी नळ बंद केला.
"मोठे होतील तसा कमी उठेल."

माझ्याकडे बांगरे म्हणून एक गिऱ्हाईक आहे.
दर महिन्याला म्हणतो, वहिनी, हे शेवटचं लिहा.
मी लिहिते.
त्याच वहीच्या मागच्या पानांवर आता:
ह. मलम तीनदा. औषध थुंकलं, पुन्हा दिलं. जुलाब नाही
(खाली दोन रेघा).
म. खाल्लं नाही.
म. खाल्लं नाही.
म. बोटावरचं चाटलं.

हे म्हणाले, "काहून आणले हे पेशंट?
देऊन ये वापस."
मी काही बोलले नाही. खरं तर
मीही खोकं कुठे ठेवलंय ते आठवून पाहिलं होतं.
रात्री दोनला न्हाणीत दिवा दिसला.
गिझरचा नळ सोडलेला, स्टुलावर हे,
लुंगीच्या झोळीत दोघं,
चष्म्यावर वाफ, त्यामुळे मी आहे की कोण
हे त्यांना दिसतही नसावं.
"दार लाव," म्हणाले, "वाफ जाते."

मांजराला संत्र्याचा वास सोसत नाही.
या दिवसांत आमच्या गल्लीत
कचऱ्याच्या गाडीलासुद्धा तोच वास येतो.
मी हळकुंडासमोर बसून एक सोललं,
साल मुडपून त्याच्या नाकाशी फवारा उडवला.
त्याने बघितलंही नाही.
नाकाच्या पलीकडे त्याच्यासाठी काही नव्हतंच,
मासा नाही, मी नाही, मसूर नाही.
मग रोज एक.
फोडी आम्ही दोघं खायचो, आंबट निघाल्या तरी,
कुणी कुणाला काही न विचारता.

सहाव्या दिवशी त्याचे कान मागे गेले.
डोळे बारीक.
तोंड असं फिरवलं,
जसं खोब्रागडे मावशी जुन्या गव्हाकडे बघून फिरवतात.
उठला, माझ्यापासून लांब गेला,
शेपूट सरळ वर, थेट ताटलीकडे.
इतकं छान मला आजवर कुणी
झिडकारलं नव्हतं.

आज हळकुंड चारशे एकोणसाठ.
मसूर तीनशे नव्वद,
आणि परातीत बसल्या बसल्या शिंकली.
एकदा.
तिखटाचं पोतं तर मी मागेच आत हलवलंय.
वही उलटी धरते, मागचं पान काढते,
तारीख घालते.
बाहेर कुणीतरी शटर वाजवतंय,
पावभर साखर पाहिजे म्हणतंय, घाई आहे म्हणतंय.
थांबा, म्हणते मी,
काटा रिकामा नाही.