एकोणिसावा कप्पा

राखेच्या बुधवारी धर्मगुरूंनी टाळूवर चिमूटभर राख टाकली
आणि मी, बोझेना, वय चौसष्ट,
वूचच्या गिरणीत एकवीस वर्षं सदऱ्यांना बाह्या जोडलेली बाई,
मनातल्या मनात म्हणाले:
ईस्टरपर्यंत गरजेवाचून काही घेणार नाही.

मांस दरवर्षीच सोडते. त्यात काय मोठंसं,
तसंही महाग झालंय.

नणंद व्येस्वावा म्हणाली, अगं, रविवार मोजत नाहीत उपासात,
रविवारी घे की काहीतरी!
रविवारी आमच्याकडे दुकानांना कुलूप असतं.
फोनमधल्या दुकानाला नसतं,
ते रात्री दोनलाही हाक मारतं, अगदी माझ्या नावाने.
नावाने हाक मारणारं आता घरात दुसरं आहे कोण.

पहिला आठवडा अंगठा आपोआप चालायचा.
चाळीस टक्के सूट. शेवटचे तीन नग.
लिंबू पिळायचं यंत्र, मेंढीच्या लोकरीचे मोजे,
माणसाची चाहूल लागताच पेटणारा दारावरचा दिवा.
मी मोज्यांकडे पाहिलं. मग पायांकडे पाहिलं.
पायांत मोजे होते.

आईला हे कसं सांगितलं असतं?
एक्याऐंशी साली ती पहाटे चारला रांगेत उभी राहायची.
दुकानात फळ्यांवर नुसत्या व्हिनेगरच्या बाटल्या,
रांगेच्या टोकाला काय आहे कुणालाच ठाऊक नसायचं.
"काय देताहेत?"
"कोण जाणे. पण देताहेत."
एकदा ती दोन जोड बूट घेऊन आली,
घरात कुणाच्याच मापाचे नाहीत,
आणि चेहरा असा उजळलेला
की आम्ही तिघी बहिणी त्या बुटांभोवती नाचलो.
मिळतंय तोवर घे, असं तिने कधी तोंडाने शिकवलं नाही.
ते हातांतच उतरलं.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, फोन वाजला:
तुमचं पार्सल आलं आहे. कप्पा एकोणीस. अठ्ठेचाळीस तास.
जानेवारीत मागवलेलं असणार, लांबून, जहाजाने.
काय होतं ते? आठवेना.
जुनी यादी उघडली असती तर कळलं असतं,
पण यादीकडे जायची वाट दुकानातूनच जाते.

आधीच घेतलेलं, पैसेही गेलेले, मग यात पाप कसलं?
वकील मीच, न्यायाधीशही मीच.
निकाल माझ्या बाजूने लागला. कोट चढवला.

कोपऱ्यावर ती पिवळी, कप्प्याकप्प्यांची भिंत,
खाली बर्फाचा चिखल.
पुढच्या पोराचा कप्पा टप्पकन उघडला,
त्याने खोकं काखेत मारलं आणि चालू लागला.
माझी पाळी. मागे चार माणसं.
मला एकदम व्हिनेगरचा वास आला.

"उघडत नाहीये का?" मागच्या बाईने विचारलं.
"उघडतं," म्हणाले, "पण आत काय आहे, कोण जाणे,"
आणि बाजूला झाले.

गुरुवारी संदेश: पार्सल परत पाठवलं.
सोडलं की मन हलकं होतं म्हणतात.
माझं झालं नाही, खोटं कशाला बोलू.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तसं ते रात्रभर त्या खोक्याकडे जात राहिलं.

पवित्र शनिवारी टोपली भरायला घेतली.
अंडी, पाव, सॉसेजचा तुकडा. मीठ संपलेलं.
मीठ गरजेचंच, त्याला काही बंदी नव्हती.
तरी मी चौथा मजला चढले,
झेनोनच्या दारापर्यंत, ज्याच्याशी सहा वर्षांत
जिन्यातल्या दोन शब्दांपलीकडे बोलणं नाही.
बेल दाबायच्या आधीच दारावरचा दिवा
आपोआप पेटला.

त्याने मोहरीच्या रिकाम्या बरणीतून मीठ दिलं.
परत कसलं करताय, म्हणाला,
त्यापेक्षा माझीही टोपली न्या चर्चमध्ये,
गुडघा वर उचलत नाही.

दोन्ही हातांत दोन टोपल्या, वर पांढरी फडकी.
वाटेत ती पिवळी भिंत लागली, एकोणीस नंबर बंद.
पुढच्या वळणावर मी हात बदलले.
झेनोनची टोपली जड होती.
आत काय आहे, मी फडकं उचलून पाहिलं नाही.