भौगोलिक कारणे लिहा

बुधवारी दुपारी दोन वाजता, आठव्या मजल्यावर,
आम्ही सातजण बसलो भूगोल कमी करायला.

खिडकीतून डोळे ताणले की हल शहराच्या पलीकडे हंबर दिसते,
दुधाळ चहाच्या रंगाची,
ओहोटीला निम्मी नदी, निम्मा चिखल.
समोर तक्ता. विषय बावीस.
वरून आलेला आकडा: चौदा.
मी रुजू झाले तेव्हा पहिल्या वर्षाला एकशे दहा मुलं होती,
यंदा एकतीस, त्यातली दोघं
भूगर्भशास्त्र समजून आलेली.

विभागप्रमुख हिलरी ऑकलंड, बेकरीवाल्याची लेक,
पाव कापावा तशी बोलते, जाड नाही, पातळ नाही.
'मृदा' हवामानबदलात विरघळवू, म्हणाली.
माती विरघळतेच. कुणी हरकत घेतली नाही.
'शहरं' दिली समाजशास्त्राच्या घरी,
पाठराखीण म्हणून सोबत टिमोथी, अर्ध्या पगारावर.
'हातानं नकाशे' मागच्या सुधारणेतच गेला होता,
तरी कुणीतरी त्याच्यावर पुन्हा काट मारली,
खात्री म्हणून.

शाळेत प्रश्न असायचा: भौगोलिक कारणे लिहा.
कोकणात घरांची छपरं उतरती असतात.
वाळवंटात लोकसंख्या विरळ असते.
सोनगिरकर बाई म्हणायच्या, दोन कारणं पुरतात,
तिसरं लिहिलंत तर पहिली दोन खोटी वाटतात.

सव्वातीनला पेच उरला एकच. दोनातला एक.
माझा 'मोसमी आशिया', गेल्या वर्षी विद्यार्थी चार,
पैकी एक भिंतीला टेकून झोपणारा.
ब्रेंडनचा 'किनारा', ऑक्टोबरात दोन दिवस,
मिनीबस, विमा, वसतिगृहाच्या खाटा, ओल्या मोज्यांचा वास.
तिकडे पूर्वेला जमीन समुद्रात जाते.
शेताच्या फाटकापासून कड्यापर्यंत टेप धरायचा,
आकडा वहीत लिहायचा. सव्वीस वर्षं, सव्वीस आकडे,
प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान,
फक्त दोनदा मोठा,
शेतकऱ्यानं फाटकच मागं घेतलं तेव्हा.

ब्रेंडन काही बोलला नाही. चष्मा पुसत राहिला.
हिलरी म्हणाली, उपग्रहाची चित्रं आहेत,
फुकट आहेत, कोरडी आहेत.
मग म्हणाली, हात वर करा.

माझा हात वर गेला.
दोन कारणं लिहिते. घराचं कर्ज.
आणि चार मुलं म्हणजे शून्य नव्हे.
तिसरं आहे. ते लिहीत नाही.

चौदा झाले. हिलरीनं लिंबाचा केक वाटला, घरचा,
आणि मी दोन तुकडे खाल्ले.

सप्टेंबरात 'मोसमी आशिया'ला दोघं आली.
ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी ब्रेंडन दारात:
उद्या टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नाही.

गेले. वारा असा की शब्द निघाला तोंडातून
तरी कानापाशी येऊन मोडायचा.
कोवळ्या गव्हाचे तास सरळ जाऊन
हवेत संपत होते.
तो कड्याशी, पोटावर आडवा,
मी फाटकाशी, शून्य धरून.
एवढंच काम होतं: शून्य हलू द्यायचं नाही.

त्यानं आकडा ओरडला. ऐकू आला नाही.
पुन्हा ओरडला. मग बोटांनी सांगितला:
एक, नऊ, बिंदूसाठी मूठ, चार.

वही त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकमध्ये.
आकड्याच्या पुढे विषय-क्रमांकाचा रकाना आहे,
तिथं त्यानं आडवी रेघ ओढली.
त्याच्या पुढे मोजणाऱ्यांची नावं.
बारा वर्षं शेजारच्या खोलीत बसतो आम्ही,
एकमेकांचा इतिहास-भूगोल कधी निघाला नाही.
पूर्ण नाव कसं लिहितेस, त्यानं विचारलं.

मी एकेक अक्षर सांगत गेले.
दोनदा त्याचं चुकलं.
त्यानं खोडलं, आणि पुन्हा लिहिलं.