मंगळवारी सकाळी, उद्यमनगर

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून मंगळवारी सकाळीच फोन येतो
फाउंड्रीच्या हापिसातून, नझीर मुल्लाणींचा:
"ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडंना झालंय.
चहा पिऊन कप विसळून आलो,
चक्री अजून फिरतीयाच."

मी पोचतो तोवर ते उघडलेलं असतं.
बंद करतो, पुन्हा उघडतो:
टिचकी वाजायच्या आत हजर.
मुल्लाणी बघतात, जशी मी हातचलाखी केली.
मी काहीच केलं नाही, हे कसं सांगू?
आणि सांगितलं, तर बिल कशाचं लावू?

खिडकीतून पॅटर्न-शॉप दिसतं.
हिंदुराव सुतार शिडी लावतायत.
पंपाची बॉडी, पुली, फ्लायव्हील,
सागवानी साचे, माळ्यापर्यंत.
पहिला मोल्डर येतो तेव्हा वेळ लागतो:
चढायचं, धूळ झटकायची, छातीशी धरून उतरायचं.
मग साचा बाकावरच राहतो.
दुसरा येतो, तिसरा येतो,
वाळूत उमटून जातो तोच साचा.
त्याच्यावर कानस चालवायची नाही, हा नियम.
ज्याला कोपरा बदलून हवा
त्यानं तेवढाच तुकडा आपला वेगळा करून घ्यावा.

"आत असंच चालतं," मी मुल्लाणींना म्हणालो.
अक्षर उमटवायचं, खिडकी काढायची, रंग भरायचा
हे प्रत्येक प्रोग्राम आपापलं घेऊन येत नाही.
एकदा डिस्कच्या माळ्यावरून उतरलं
की मेमरीच्या बाकावर, सगळ्यांसाठी.
गंमत म्हणजे प्रत्येकाकडं त्याचा पत्ता वेगळा,
प्रत्येकाला वाटतं, हे माझ्याच घरात आहे.
बाक भरला, की बराच वेळ हात न लागलेलं
आधी परत वर जातं.

"म्हंजे सोमवारी बाक पुसून निघतो?"
"मशीन बंद केलं की पुसतोच."

"आन् कुठला साचा कुठं, ते कोण सांगतं?"
हिंदुराव दारात उभे, अंगभर भुसा.
पोरांनी त्यांचं ऐकलं की ते हसतात,
आता हसत नव्हते.
गेल्या साली सीपीआरला अकरा दिवस पडून होते,
इकडं पोरं रॅकमागून रॅक उलथत बसली.
तेव्हापासून वही आहे, लाल पुठ्ठ्याची:
रॅक चार, खण तिसरा, डाव्या हाताला.
नवा साचा आला की आधी वहीत.
एकदाच चुकलं.
साचा सातव्या रॅकवर होता, वहीत नव्हता,
सगळे म्हणाले, तसला साचाच नाही.

मी सांगितलं, मशीनमध्येही अशी वही असते.
आणि चूकही अगदी अशीच होते.
त्यांना हे पटलं. मुल्लाणींना बिल पटलं नाही.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी
राहिलेलं काम उरकायला गेलो.
फाटक बंद, पॅटर्न-शॉपात एकच दिवा.
हिंदुराव एकटे, शिडीवर.
उद्याचे पाच साचे बाकावर मांडून झालेले,
सहावा हातात.
"सकाळी पोरं खोळंबत्यात," म्हणाले,
जणू चोरी सापडली.

मी हापिसात जाऊन तीन ओळी लिहिल्या:
मशीन जागं झालं, की कुणी मागायच्या आधी
लागतील तेवढे साचे उतरवून ठेव.

मंगळवारी फोन आला नाही.
बिलावर काय लिहायचं, सुचेना.
शेवटी लिहिलं:
शिडी लावली. एक नग.