साडेसहा लिटर

दुकानातल्या मुलीनं विचारलं, घरात माणसं किती?
मी म्हटलं, कुठल्या महिन्यात?

ती हसली नाही.
डुलुथमध्ये अशा उत्तराला कुणी हसत नाही,
घरटी कुणी ना कुणी बोटीवर असतं इथं.
मार्च सरताना सरोवराचा बर्फ फुटला की तोइवो
खनिजाच्या बोटीत, पार तळाशी, इंजिनापाशी उतरतो
आणि जानेवारीत जलद्वारं मिटली की वर येतो.
म्हणजे साडेनऊ महिने आम्ही तीन,
अडीच महिने चार.

तीन लिटरचा होता एक, पांढरा, नेटका, सवलतीत.
तीन माणसांना पुरेसा.
मी त्याचं झाकण उचललं आणि परत ठेवलं.
तो घेतला असता तर
काहीतरी कबूल केल्यासारखं झालं असतं.

साडेसहाचा घेतला. लांबट,
कारण अख्खी कोंबडी गोल भांड्यात पाय दुमडत नाही.
आतलं भांडं सुटं निघणारं,
आणि वेळ संपली की आपणहून 'गरम'वर जाणारा,
कारण रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या बाईची
ड्युटी सुरू कधी होते ते ठरलेलं असतं,
संपते कधी ते आभाळ ठरवतं.

मोठ्या भांड्याची एक खोड:
निम्मं तरी भरावं लागतं, नाहीतर कडेनं धरतं.
म्हणून तो नसतानाही मी चौघांचंच शिजवते.
चौथा वाटा शेजारच्या ओडेगार्ड म्हाताऱ्याकडे जातो.
डबा धुऊन परत येतो,
कधी आत खारवलेला मासा,
कधी आमच्याच फाटकाचा हरवलेला स्क्रू.

पहिल्या महिन्यात सगळं चुकलं.
दूध सुरुवातीलाच घातलं, फाटलं.
गाजरं वर ठेवली, आठ तासांनंतरही कच्ची,
दाताखाली करकर वाजली.
राजमा तसाच टाकणार होते;
फोनवर सासू, लेम्पी, एवढ्या जोरात ओरडली
की मी भांड्यापासून हात मागे घेतला:
आधी चुलीवर खळखळून उकळ,
नाहीतर पोरं रात्रभर पोट धरून बसतील!

आता हाताला कळतं.
कंद तळाशी, मांस वर, पाणी बेतानं,
वाफ बाहेर जात नाही, तीच परत रस्सा होते.
पहाटे तीनला बटण दाबते, बूट चढवते.
मी डोंगरउतारावरचे रस्ते एकेक मोकळे करत असते
तेव्हा रिकाम्या स्वयंपाकघरात, कुणी बघत नसताना,
तोही आपलं काम करत असतो,
धागा धागा सुटा.

जानेवारीत तोइवो आला. बाहेर उणे सत्तावीस.
अंगाला डिझेलचा वास, दाढीत बर्फ,
कोट काढायच्या आधी
त्यानं झाकण उचललं.

इंजिनवाला माणूस. झाकलेलं दिसलं की उघडणारच.

आम्ही तिघंही ओरडलो.
'अर्धा तास गेला!' आइली म्हणाली, नऊ वर्षांची,
नियम माझ्यापेक्षा तिला पाठ.
तो झाकण हातात धरून उभा,
चष्म्यावर वाफ, आंधळा, अपराधी.
शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही,
अशी माणसं मी पाहिलीत.
याला शिजेपर्यंतही नाही.

मी तीस मिनिटं वाढवली.

ताटल्या मांडून झालेल्या. पाव कापून झालेला.
करण्यासारखं कुणालाच काही उरलं नव्हतं.
मग रेनो उठला, काडेपेटी घेऊन आला,
टेबलावर उघडून ठेवली:
जूनमध्ये पडलेला दात.
तोइवोनं चष्मा पुसला. दात दिव्याखाली धरला.
कुठं पडला, काय खाताना, रक्त आलं का,
सगळं विचारलं, पाळीपाळीनं, सावकाश,
कारण वेळ होता.

मधेच कुकर टिक् करून 'गरम'वर गेला.
मी ऐकलं.
बोलले नाही.