अंदाजे कुठे आहात

त्वोरोयरीच्या धक्क्यावरची पोरं म्हणतात,
हाइनी, तू आणि तुझा तो उपग्रह,
दोघेही निवृत्त, दोघेही अजून फिरताय.
मला नाही पटत. मला पेन्शन मिळते.
शिवाय मी अंधारातही बोलू शकतो.

त्याची बॅटरी कधीच मेली.
ऊन अंगावर असेतो बोलतो,
पृथ्वीच्या सावलीत शिरला की शब्द अर्धा टाकून गप्प.
पलीकडे ऊन लागलं की पुन्हा सुरू,
मधे काही झालंच नाही अशा थाटात.

तेव्हा ट्रॉलरवर, ग्रीनलंडच्या बाजूला,
तास-दीड तास त्याची वाट बघायची.
तो क्षितिजावर चढला की यंत्र जागं व्हायचं
आणि आधी आम्हालाच विचारायचं:
अंदाजे कुठे आहात?
वेग किती? तोंड कुणीकडे?
आपण कुठे आहोत हे कळायला
आपण कुठे आहोत हे थोडं तरी ठाऊक असावं लागे.
पोरांना हे सांगितलं की फोन काढून दाखवतात,
निळा ठिपका.

रोई पडला तेव्हा मी पेन्सिलीला टोक काढत होतो.
फेब्रुवारी. जाळं अर्धं वर.
सुरुवातीला तो हाकेच्या अंतरावर होता.
हे मी शब्दशः सांगतोय.
त्याने हाक मारली, आम्ही ओ दिली,
पुन्हा मारली, पुन्हा दिली,
मग नुसती आमची ओ.

बावन्न मिनिटांनी उपग्रह उगवला.
आकडे दिले, चोख, दशांशासकट.
मी वहीत उतरवले, कारण उतरवायचे असतात.
ते जहाजाचे होते, रोईचे नव्हते.
बावन्न मिनिटांत जहाज घिरट्या घालत
कुठून कुठे गेलं, ते वहीत लिहायला रकाना नव्हता.
खाली पाण्याला ठाव नव्हता,
माणसाचा ठावठिकाणा नव्हता,
अक्षांश-रेखांश मात्र भरलेले.

त्याची आई घरी आली ते आकडे मागायला.
कोट न काढता बसली.
मी कागदावर सुवाच्य लिहून दिले.
तिने बोट ठेवलं. इथे आहे ना तो?
मी म्हणालो, अंदाजे.

आता त्याला रोजची खबर पुरवणारं कुणी नाही.
कुठल्याशा जुन्या दिवसाचा स्वतःचा पत्ता
तो अजून सांगत सुटतो.
त्यावर विसंबून निघालात
तर बंदराऐवजी डोंगरात शिराल.
पण एक गोष्ट त्याला खोटी सांगताच येत नाही.
येताना सूर चढा,
जाताना पडलेला,
आणि मधे, घसरता घसरता,
एक क्षण तो त्याच्या स्वतःच्या सुरात असतो.
तेव्हा सगळ्यात जवळ.
म्हणजे हजारभर किलोमीटर, पण जवळ.

त्या क्षणी मी वहीत टिंब देतो.
आकडा लिहीत नाही.
अशा अकरा वह्या झाल्यात, नुसत्या टिंबांच्या,
माझ्यामागे कुणी उघडल्या तर वाटेल
म्हाताऱ्याने पेन्सिली तपासल्या.

आज दुपारी तो उत्तरेकडून आला.
बाहेर वाळवणाच्या खोपटात मार्युन
मटणाला वारा लागतोय का बघत होती.
सूर पडायला लागला.
तेवढ्यात ती ओरडली, हाइनी, कुठे आहेस?
टिंब राहिलं.
मी आधी ओ दिली.
या बाबतीत मी उशीर करत नाही.