न आणि व शेजारी

कसबा बावड्याला, कोर्टाच्या बाहेर, चहाच्या गाड्याला लागून
माझं टेबल. पानाला वीस रुपये.
वारस, भाडेकरार, नावातला बदल.
लोकांचं दुःख मी दीड ओळीच्या अंतरानं टाइप करतो
आणि डावीकडं समास सोडतो, टाचणीपुरता.

बारगीर वकीलबाई आल्या, त्यांच्यामागं अकरा बाया.
एकीच्या हातात पिशवी. पिशवीत केसपेपर,
सीपीआरचे, घामानं मऊ झालेले.
"जुन्या खणीची वस्ती," बाई म्हणाल्या, "सांगते तसं घ्या."

घेत गेलो.
की घरं एकशे बारा. नळ एक, त्याचा पाइप गटारीतून.
की कावीळ माघात आली नि चैत्र सरला तरी हलली नाही.
की दवाखान्याच्या यादीत ही वस्तीच नाही,
म्हणून नर्स येत नाही, लस येत नाही,
पावडर मारणारासुद्धा वळणावरून माघारी जातो.
की दुर्गव्वा बंडीवडर हिची सून, सहावा महिना,
इथं वकीलबाई थांबल्या.

दुर्गव्वा थांबली नाही.
"लिव्ह की. डोळं हळदीगत झाल्तं तिचं.
चिखलात रिक्षा येत न्हाई. दाराची फळी काढली,
फळीवर घालून न्हेली नाक्यापतुर.
खिडकीवर पत्ता इचारला. म्हटलं, खणीजवळ.
त्यो म्हणला, खणीजवळ ह्यो काय पत्ता हाय व्हय?
आमच्या सासऱ्यानं त्या खणीतनं दगूड काढला,
निम्मं गाव बांधलं त्याच्यावर.
पत्ता न्हाई म्हणं."

मी लिहिलं: सदर मयत खणीजवळ राहणारी होती.

रात्री वाचताना दिसलं,
सात ठिकाणी वस्तीची मी नस्ती केली होती.
कळफलकावर न आणि व शेजारी, बोट घसरतं.
कचेरीत नस्ती म्हणजे फाईल.
आमच्या घरात नसती म्हणजे ब्याद.
सहा दुरुस्त केल्या. सातवी नजरेतून सुटली.

तारखेला मी मागं जाऊन उभा राहिलो,
टेबल चहावाल्यावर सोडून.
महापालिकेचे वकील म्हणाले,
अशी वस्ती अभिलेखावर नाही.
जे नाही, त्याला पाणी कुठल्या शीर्षाखाली द्यायचं?

वकीलबाईंनी आवाज चढवला नाही.
पिशवीतून एक कागद काढला,
पाठीला वाळलेली खळ, कोपऱ्यात दाराचा रंग:
महापालिकेचीच नोटीस, दोन वर्षांपूर्वीची.
अतिक्रमण. सात दिवसांत स्वखर्चाने पाडून घ्यावे.
घर क्रमांक त्रेसष्ट, दुर्गव्वा हणमंता बंडीवडर, जुनी खण.
"पाडायला निघाला तेव्हा पत्ता सापडला होता," त्या म्हणाल्या.
"तोच पत्ता आहे. आता औषध घेऊन या."

पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

तूर्तातूर्त हुकूम झाला. मंगळवारी नर्स, रोज टँकर,
पाण्याचे नमुने, पुढची तारीख.
दोन मंगळवार कोरडे गेले. तिसऱ्याला नर्स आली,
दारावर पाडकामवाल्यांनी मारलेला लाल आकडा बघून
निळ्या शाईनं वहीत उतरवला: त्रेसष्ट.

टँकर मात्र आला नाही.
मग हुकमाची नक्कल निघाली. कारकुनानं
माझ्या पानावरून जसंच्या तसं उतरवलेलं:
सदर नस्तीस पाणीपुरवठा करण्यात यावा.
पाणीवाले म्हणाले, आम्ही नस्ती उघडली आहे.
साहेबांच्या सहीला ठेवली आहे.

दुरुस्तीचा अर्ज मीच टाइप केला.
चौथ्या ओळीत न च्या जागी व वाचावा.
एवढंच. अर्धं पान.
पैसे नकोत म्हणालो, मान वर न करता.

दुर्गव्वानं कनवटीची वीसची नोट काढली,
चहाच्या ओल्या डागावर ठेवली.
"चुकी तुझी हाय," म्हणाली,
"पर कागुद आमचा हाय.
नीट वाच, मग दे."