आधी उचलून दाखव

कोयहाइकेत वारा
गिऱ्हाइकाच्या आधी दुकानात शिरतो.
त्या दिवशी त्याच्यामागून रायेन आली,
हातात घडी घातलेला कागद,
बुटांवर मेंढ्यांच्या औषधाचे पांढरे शिंतोडे.

"पहिलीच गाडी," ती म्हणाली,
डॉक्टरला पहिलं बाळंतपण सांगावं तशी.
"डांबरावर चालावी, रिपिओवरही.
माझी निम्मी गुरं डांबरालगत आजारी पडतात,
निम्मी
जिथं खडीसुद्धा कंटाळून थांबते तिथं."

मी हात पुसले.
म्हटलं, अशी गाडी असते,
पण ती दोन घरचा पाहुणा, दोन्हीकडे उपाशी.
डांबरावर तिचे टायर कुरकुरतील,
चिखलात तिला स्वतःचं वजन आठवेल.
चालेल?
"मीही तशीच आहे," ती म्हणाली,
आणि कागद उलगडला.

अश्वशक्ती किती. टाकी किती लिटर.
मागचं सस्पेन्शन किती दबतं.
सगळी उत्तरं दिली. ती लिहून घेत होती
आणि बघत होती साडेसहाशे सीसीवाल्या लाल गाडीकडे.
सगळेच बघतात.
एक जर्मन प्रवासी ती विकून गेला होता,
गळपट्टीचं हाड बांधून, विमानानं.

मग मी तेच केलं
जे ओर्तेन्सियामावशीनं माझ्याबाबतीत केलं होतं.
जमिनीवर जुने टायर पसरले,
लाल गाडी त्यांवर हळूच आडवी केली
आणि म्हटलं, उचल.

तिनं कागद दातांत धरला.
पाठ गाडीकडे, टाचा सिमेंटमध्ये,
बसलेली गाय उठवतात तशी.
गाडी गुडघ्यापर्यंत आली,
विचार केला तिनं,
आणि परत झोपली.

दुसरी, सडपातळ, उंच, निव्वळ रानाची.
झटक्यात उभी राहिली.
पण वर बसल्यावर रायेनचे पाय
घाटावर बसलेल्या पोरासारखे लोंबकळत राहिले.
खाली येताना तिनं माझा खांदा धरला.
डोंगरात माझा खांदा नसतो.

तिसरी कोपऱ्यात होती. अडीचशे सीसी,
विटका निळा रंग, टाकीला डावाएवढा पोचा,
सीट कुणीतरी मासेमारीच्या दोऱ्यानं शिवलेली.
तिच्याबद्दल कागदावर एकही प्रश्न नव्हता.
रायेननं ती उचलली,
आणि उचलण्याच्या आनंदात पलीकडे पाडली.

"स्टँड," मी म्हटलं, "आधी स्टँड काढायचा."
ती खो खो हसली. मीही.
मग म्हटलं, पुन्हा.
पुन्हा.
आता धापा टाकत टाकत, पुन्हा.
"किती वेळा?"
तुला जेव्हा वाटेल आता बास,
त्याच्यापुढे एकदा.
बरोब्बर तेव्हाच ती पडते.

पैसे थोडे रोख, थोडे मार्चमध्ये.
वर चीजचा एक गोळा, जो मी मागितला नव्हता.
हेल्मेट मात्र नवं घ्यायला लावलं;
त्यात काटकसर नाही, म्हटलं,
डोकं काही सेकंडहँड मिळत नाही.

माझं दुकान डांबराच्या शेवटाशी आहे.
त्यामुळे मला ऐकू येतं:
आधी गुळगुळीत आवाज,
मग खडीवर तो फाटतो, कापड फाटावं तसा,
मग वळण, मग चढ.

चढावर आवाज बंद झाला.

मी हातातला पाना खाली ठेवला नाही.
मातेचं पाणी चुलीवर होतं.
जावं का? मावशी माझ्यामागे आली नव्हती.
मी मोजायला लागले.
दहा. वीस.
वाऱ्यानं पत्रा वाजवला, मला वाटलं तीच.
पस्तीस.
एकेचाळीसला इंजिन खोकललं,
परत खोकललं,
धरलं.

पाणी आटून गेलं होतं.
किटलीचा बुडखा काळा पडला.
मी दुसरं ठेवलं.